भावाच्या पाठीतलं पाणी काढायला सांगितलंय, काढू द्यायचं का?

पत्र थोडक्यात: विक्रोळीहून एका ३१ वर्षांच्या मुलीने लिहिलंय. तिचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. काही महिन्यांपूर्वी त्याचे दोन्ही पाय बधिर झाले, बधिरपणा कमरेपर्यंत चढला, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं. एमआरआयमध्ये मानेजवळ मज्जारज्जूत एक छोटा डाग आणि मेंदूत तीन डाग दिसले. सलाईनमधून स्टेरॉइड दिल्यावर बराच फरक पडला, आता तो ऑफिसला जातोय. एक न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात हा मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस (यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते) दिसतोय, औषध सुरू करूया. दुसरे म्हणतात आधी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते, तपासू. वडील म्हणतात पाठीत सुई घातली की माणूस कायमचा अधू होतो. भावाला घरच्यांनी "नसेला सूज आलीय" एवढंच सांगितलंय. तिने वाचलंय की त्या पाण्यातल्या मार्करवरून पुढे व्हीलचेअर लागेल का ते कळतं. तसं असेल तर टेस्ट करायची, रिपोर्ट चांगला आला तर भावाला काही सांगायचंच नाही, वाईट आला तर बघू, असा तिचा विचार आहे. पाण्याऐवजी न्यूरोफिलामेंट नावाची रक्ताची टेस्ट चालेल का, असंही विचारलंय.

अगं, तुझ्या पत्रात बाबा आहेत, आई आहे, दोन डॉक्टर आहेत, तू आहेस, फक्त ज्याच्या पाठीत सुई जाणार आहे त्याचं स्वतःचं एक वाक्य नाही. त्यावर मी येणारच आहे आणि जरा जोर लावून बोलणार आहे, पण आधी पाण्याचं बघू, कारण तुझा सगळा प्लॅन ते पाणी काय सांगेल यावर उभा आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, एमएसच्या पेशंट्सबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं बसतेय, त्यामुळे हे प्रश्न आणि ही भीती दोन्ही ओळखीची आहेत.

बाबांच्या भीतीपासून सुरू करते. पाठीत सुई म्हटलं की सगळ्यांना वाटतं सुई मज्जारज्जूत घुसणार आणि पाय जाणार. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. तिथे रज्जू नसतोच, पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या नसा असतात आणि सुई आली की त्या बाजूला सरकतात, क्वचित एखादीला धक्का लागला तर पायात एक क्षण झिणझिण होते. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल देतात तीसुद्धा याच भागात. तुमच्या बिल्डिंगमध्ये सिझेरियन झालेल्या किती बायका आहेत ते बाबांना आठवायला सांग, त्या सगळ्या जिने चढतायत. आणि पाणी काढलं म्हणजे कमी पडेल असंही नाही, शरीरात हे पाणी साधारण १५० मिली असतं आणि दिवसभरात जवळपास ५०० मिली नवीन तयार होतं, तपासणीला १०-१५ मिली काढतात, ते काही तासांत भरून निघतं.

खरा त्रास होतो तो डोकेदुखीचा, तो मात्र लपवू नका. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, असं काही जणांना एक-दोन दिवस, कधी जास्तही होतं. यात सुईने फरक पडतो. टोकाला धारदार कट असलेली जुनी सुई आणि पेन्सिलीसारख्या टोकाची ॲट्रॉमॅटिक सुई यांची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं होतं, डोकेदुखीचं प्रमाण जुन्या सुईने ११ टक्के आणि नव्या सुईने सुमारे ४ टक्के निघालं. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं की ॲट्रॉमॅटिक सुई आहे का, नसेल तर आम्ही आणून देऊ का. हा प्रश्न विचारला म्हणून कुठला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तरी विचारायचा.

आता पाण्यात शोधतात काय ते. सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे ऑलिगोक्लोनल बँड्स, रिपोर्टवर ओसीबी लिहिलेलं असतं. एमएसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत ठाण मांडून अँटिबॉडी तयार करत बसतात, त्या अँटिबॉडी पाण्यात उतरतात आणि लॅबमध्ये जेलवर पट्टे दिसतात. मेख अशी की पट्टे फक्त पाण्यात हवेत, रक्तात नकोत. दोन्हीकडे सारखेच असतील तर ती गडबड सगळ्या शरीराची आहे, मेंदूच्या आतली नाही. म्हणून पाणी काढतात त्याच वेळी रक्ताचा नमुनाही द्यावा लागतो आणि दोन्ही शेजारी शेजारी तपासावे लागतात. रक्त न देता नुसतं पाणी लॅबला गेलं तर अर्धवट रिपोर्ट हातात येतो आणि परत सुईची वेळ येऊ शकते, तेव्हा हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

या पट्ट्यांचं वजन किती ते बघ. एमएसचं निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी शोधतात, आजार मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी आहे का आणि वेगवेगळ्या वेळी झालाय का. तुझ्या भावाला अटॅक एकच आलाय, डाग मात्र दोन जागी आहेत, म्हणजे जागेचा पुरावा बऱ्यापैकी आहे, वेळेचा नाही. २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी सांगितलं की अशा वेळी पाण्यात पट्टे सापडले तर ते वेळेच्या पुराव्याच्या जागी धरा, दुसऱ्या अटॅकची वाट बघत बसू नका. २०२५ मध्ये छापलेल्या सुधारित निकषांत आणखी पुढे गेलेत, पट्ट्यांच्या बरोबरीने कॅपा फ्री लाइट चेन नावाची टेस्टही मान्य झालीय, यात पट्टे डोळ्याने मोजायच्या ऐवजी मशीन आकडा देतं, वेळ कमी लागतो आणि वाचणाऱ्यानुसार उत्तर बदलत नाही. तुमच्या लॅबमध्ये ती होत असेल तर चांगलंच, नसेल तर जुनी ओसीबी चालते, हळहळायचं कारण नाही.

मग पहिले डॉक्टर चुकले का? मला तसं वाटत नाही. डाग अगदी एमएससारखे, ठरलेल्या जागी असतील तर पाणी न काढताही निदान होऊ शकतं आणि लवकर औषध सुरू करण्याची त्यांची घाई पेशंटच्या भल्याचीच आहे. पण मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने झुकते आणि त्याचं कारण आपण राहतो ती जागा आहे. आपल्या मुंबईत मेंदूचा आणि मणक्याचा टीबी दिसतो, तो एमआरआयवर दुसऱ्याच कशासारखा दिसू शकतो. एनएमओ आणि मॉग असे एमएसचे दोन भाऊबंद आहेत, त्यातही डोळे जातात, पाय जातात, पण औषधं वेगळी, एमएसची काही औषधं एनएमओच्या पेशंटला दिली तर तो आजार बळावतो. तुझ्या भावाचा मज्जारज्जूतला डाग छोटा आहे, एनएमओमध्ये तो बहुतेक वेळा लांबलचक, तीन किंवा जास्त मणक्यांएवढा असतो, त्यामुळे कल एमएसकडेच आहे. तरी ॲक्वापोरिन-४ (ही एनएमओची खूण) आणि मॉगच्या अँटिबॉडी तपासून घ्या, या दोन्ही रक्ताच्या टेस्ट आहेत, पाणी लागत नाही.

पाण्याच्या साध्या रिपोर्टलासुद्धा कमी समजू नकोस. सगळे थेट ओसीबीच्या ओळीवर जातात आणि वरचे आकडे कुणी वाचत नाही. एमएसमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा जराशाच वाढलेल्या असतात, प्रोटीनही तसंच. पेशी ५० च्या वर गेल्या, प्रोटीन १०० च्या वर गेलं किंवा साखर खाली आली तर डॉक्टर थांबतात आणि इन्फेक्शन किंवा दुसरं काही आहे का ते शोधतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं घ्यायची असतील तर आत टीबी लपलेला नाही ना हे आधी बघितलेलं बरं. माझ्या मते आपल्याकडे पाणी तपासायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आजार कोणता आहे याच्याइतकंच कोणता नाही हे समजणं.

आणि पट्टे आले नाहीत तर? पाश्चात्त्य देशांत एमएसच्या दहापैकी जवळपास नऊ पेशंट्सच्या पाण्यात पट्टे मिळतात, आपल्याकडच्या अभ्यासांत हे प्रमाण त्याहून कमी आलंय. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट आला की पेढे वाटायचे नाहीत, डॉक्टरांना अजून काळजीपूर्वक विचार करायला लावायचं. उलट पट्टे मिळाले म्हणजे शंभर टक्के एमएस असंही नाही, मेंदूच्या काही इन्फेक्शनमध्येही ते दिसतात. पाणी, एमआरआय आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरचा हात, तिन्ही एकत्र धरूनच उत्तर मिळतं.

आता तुझा व्हीलचेअरचा प्रश्न, मला वाटतं पत्र तू खरं तर यासाठीच लिहिलंस. तू या टेस्टकडे पत्रिकेसारखं बघतेयस, की एकदा मांडली की मुलाचं पुढचं सगळं दिसेल. तसं ती करत नाही गं. पहिल्या अटॅकनंतर पाण्यात पट्टे असतील तर दुसरा अटॅक येण्याची शक्यता अंदाजे दुप्पट होते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि ते उपयोगाचं आहे कारण त्यावरून औषध आत्ता सुरू करायचं का हे ठरतं. पण दुसरा अटॅक येणं आणि व्हीलचेअर लागणं यात फार मोठं अंतर आहे. आयजीएम प्रकारचे पट्टे असले तर आजार जरा जास्त चिवट असू शकतो असं काही संशोधकांनी दाखवलंय, सीएचआय३एल१ नावाचं एक प्रोटीन आहे, जीएफएपी नावाचं दुसरं आहे, यांच्यावर जोरात काम चाललंय. हे सगळं शेकडो पेशंट्सचा गट घेतला तर दिसतं, त्या गटातला एक मुलगा, तुझा भाऊ, चाळिशीत कसा चालत असेल ते यातलं कुणीही सांगू शकत नाही. जो लॅबवाला किंवा जो लेख तसं सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

इंटरनेटवर इतक्या वर्षांत इतक्या जणांना काठी लागली, इतक्या जणांना खुर्ची लागली असे आकडे तू वाचले असशील. त्यातले बरेचसे अशा पेशंट्सचे आहेत ज्यांच्या वेळी औषधंच नव्हती. एमएसवरचं पहिलं इंटरफेरॉन अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये, आजची जोरदार औषधं त्याच्याही नंतरची. तुझा भाऊ त्या जुन्या आकड्यांतला नाही. पहिल्या अटॅकनंतर बराच सावरलाय, तरुण आहे, औषध लवकर मिळण्याची संधी आहे, हे चांगल्या बाजूला. पुरुष आहे आणि मज्जारज्जूत डाग आहे, ते जरा सावध राहायच्या बाजूला. डॉक्टर या सगळ्याचा मिळून अंदाज बांधतात आणि दर एमआरआयला तो बदलतातही.

न्यूरोफिलामेंटचं सांगते. नस आतून तुटली की तिच्या सांगाड्याचं हे प्रोटीन आधी पाण्यात आणि मग रक्तात येतं. रक्तात फार थोडं असतं, ते मोजता येईल एवढी बारीक मशीन्स आल्यामुळे गेल्या काही वर्षांत त्याचा बोलबाला झालाय. अटॅकमध्ये वाढतं, औषध लागू पडलं की उतरतं, म्हणून उपचार काम करतायत का हे बघायला ते पुढे खूप कामाला येईल असं मलाही मनापासून वाटतं. पण ते एमएस आहे का हे सांगत नाही, डोक्याला मार लागला, स्ट्रोक झाला, मधुमेहाने नसा खराब झाल्या तरी वाढतं, वयाप्रमाणेही वाढतं, आणि माणूस लठ्ठ असला तर रक्तात कमी दिसतं. त्यामुळे पाण्याऐवजी हे करू, असं होत नाही, दोघांची कामं वेगळी आहेत. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठल्या लॅबमध्ये जाऊन परस्पर करून आलात तर हातात एक आकडा राहील आणि घरात आठवडाभर रात्री कुणी झोपणार नाही.

आता भावाकडे येते. तू म्हणतेस रिपोर्ट चांगला आला तर त्याला काही सांगायचंच नाही. अगं पण चांगला रिपोर्ट म्हणजे कुठला? वर सांगितलं तसं पट्टे नसले तरी आजार असू शकतो, असले तरी माणूस पुढे वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकतो. ज्या एका कागदावर तू हा निर्णय सोडलायस तो कागद तसं उत्तर देणारच नाहीये. दुसरं म्हणजे तो २४ वर्षांचा आहे, पाठीत सुई घालायच्या आधी संमतीच्या फॉर्मवर सही त्याचीच लागणार आणि कशासाठी करतोय हे डॉक्टर त्याला सांगणारच. तिसरं, एमआरआयचा रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आहे ना? त्यावर डिमायलिनेशन, म्हणजे नसांवरचं आवरण खराब होणं, हा शब्द असणार. आयटीतल्या मुलाने तो शब्द सर्च केला नसेल असं तुला खरंच वाटतं का, मला तर वाटतं त्याने तो रात्री एकट्याने वाचलाय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहे, आणि तुम्ही त्याला त्रास नको म्हणून गप्प आहात. अशी घरं मी बरीच बघितलीत, त्यात सगळ्यात एकटा पडतो तो पेशंट.

लपवण्याचा नुकसानीचा भागही आहे. एमएसचं औषध बरं वाटत असतानाही घ्यायचं असतं, वर्षानुवर्षं. "नसेला सूज होती, गेली" असं ज्याला सांगितलंय तो दोन महिन्यांनी गोळ्या सोडून देईल, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही सोडल्या असत्या. नवीन लक्षण आलं, एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, लघवीचा ताबा बिघडला, तर ते लगेच ओळखून डॉक्टरांना कोण सांगणार? मे महिन्यात ऐरोलीला जाताना ट्रेनमध्ये घामाघूम झाल्यावर पाय परत जड झाले तर तो नवीन अटॅक आहे की नुसता उकाड्याचा परिणाम, जो अंग थंड झालं की उतरतो, हे त्याला माहीत नको का? सिगरेट ओढत असेल तर ती का सोडायची, व्हिटॅमिन डी का तपासायचं, हेही त्याला कारणासकट कळायला हवं.

तर माझं मत विचारशील तर आधी बोला, मग टेस्ट. फार तयारी नको, घरातल्या सगळ्यांनी गोल करून बसून सांगायचं तर अजिबात नको. तू आणि तो, रविवारी खाली चक्कर मारायला जा आणि सरळ म्हण, "डॉक्टरांना एमएसची शंका आहे, आम्ही तुला सांगायला घाबरलो, तुला काय काय माहीत आहे ते सांग." मग तू कमी बोल. त्याला राग आला तर येऊ दे, तो रास्त आहे. मग पुढच्या अपॉइंटमेंटला प्रश्न त्याने विचारायचे, तू वहीत लिहून घ्यायचं. भविष्याचे आकडे ऐकायचे की नाही हेही त्यालाच ठरवू दे, काही जणांना सगळं हवं असतं, काहींना फक्त पुढची पायरी. आणि सगळं समजून घेऊन तो म्हणाला की मला सुई नको, तर तेही ऐकून घ्यायचं, मग पहिल्या डॉक्टरांच्या मार्गाने, रक्ताच्या टेस्ट करून आणि ठराविक महिन्यांनी परत एमआरआय बघत, पुढे जाता येतं.

बाबांना डॉक्टरांकडे घेऊन जा, तुझ्या तोंडून त्यांना पटणार नाही. शेजारी बसून डॉक्टरांनी मणक्याच्या मॉडेलवर बोट ठेवून दाखवलं की फरक पडतो.

टेस्ट ठरली तर थोडं बारीकसारीक. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. स्टेरॉइड होऊन गेलेत म्हणून टेस्ट वाया जाईल असं समजू नका, पट्टे सहसा टिकून राहतात, पण कधी आणि किती डोस झाले ते डॉक्टरांना लिहून द्या. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात किंवा बसवून वाकवतात, आधी जागा बधिर करतात, त्याने फक्त हलायचं नाही. नंतर तासन्तास उताणं पडून राहिल्याने डोकेदुखी टळते असं पूर्वी सांगायचे, त्याला आधार सापडलेला नाही, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकू दे, गर्दीच्या लोकलमध्ये धक्के खात जायची गरज नाही. पाणी, चहा, कॉफी चालते. ताप आला, मान आखडली, पायात नवीन अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा डोकेदुखी वाढतच गेली तर हॉस्पिटलला फोन करायचा, वाट बघायची नाही.

खर्चाचं, कंपनीचा मेडिक्लेम असेल तर टीपीएला (क्लेम बघणाऱ्या कंपनीला) आधीच विचारा की या टेस्टसाठी ॲडमिशन किती तासांची लागते, ओपीडीत केली तर पैसे मिळतात का, नंतर भांडण्यापेक्षा आधीचा एक फोन बरा. परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन, जेजे सगळीकडे न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे आणि पाणी काढणं तिथल्या डॉक्टरांचं रोजचं काम आहे, ओसीबी बाहेरच्या लॅबला पाठवायची असेल तर तेवढाच खर्च वेगळा विचारून घ्या. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं मुंबईत काम आहे, तिथे त्याच्या वयाची, नोकरी करणारी, लग्न झालेली, मुलंबाळं असलेली माणसं भेटतील, निदान पक्कं झालं तर त्याला एकदा जाऊ दे, तुम्ही कुणी बरोबर न जाता गेला तरी चालेल. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे, आज त्याला सर्टिफिकेटची गरज नाही आणि कदाचित कधी लागणारही नाही, पण सगळे कागद, एमआरआयच्या सीडी, पाण्याचा आणि रक्ताचा रिपोर्ट, स्टेरॉइडची डिस्चार्ज समरी, एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि ती फाइल त्याच्या कपाटात असू दे.